धुळीचे माप

वेस्ट व्हर्जिनियातील गॉली ब्रिज या लहानशा गावाजवळ १९३० साली, नदीचे पाणी डोंगराच्या पोटातून वळवून वीज निर्माण करावी या हेतूने सुमारे तीन मैल लांबीचा बोगदा खणण्यास प्रारंभ झाला, तेव्हा आर्थिक मंदीने देशोधडीला लागलेले जे मजूर दक्षिणेकडील राज्यांतून तेथे येऊन दाखल झाले, त्यांत कृष्णवर्णीयांची संख्या फार मोठी होती. डोंगराचा खडक वालुकामय असून त्यात सिलिकाचे प्रमाण विलक्षण होते. खडकात भोके पाडताना पाण्याची धार सोडली म्हणजे धूळ जागच्या जागी बसते, ही गोष्ट त्या काळच्या अभियंत्यांस अज्ञात होती असे मुळीच नाही. परंतु कोरडे काम झपाट्याने उरकते, आणि ठेकेदारास घाई होती. सिलिकोसिस हा फुप्फुसांचा असाध्य विकार एरवी दहा-वीस वर्षांच्या धूलिसेवनानंतर प्रकट व्हावयाचा. येथे तो काही महिन्यांतच माणसांना अंथरुणास खिळवू लागला. १९३६ साली अमेरिकन काँग्रेसच्या एका उपसमितीपुढे या प्रकरणाची सुनावणी झाली तेव्हा मृतांचा आकडा ४७६ सांगण्यात आला; पुढे पन्नास वर्षांनी मार्टिन चेर्नियाक या वैद्याने जुनी दप्तरे धुंडाळून तो ७६४ च्या घरात नेला. ज्या कंपनीसाठी हा बोगदा खणला जात होता तिचे नाव युनियन कार्बाइड. भारतीय वाचकास त्या नावाचा निराळा परिचय करून देण्याची आवश्यकता नाही.

हे सारे घडले त्या वेळी अमेरिकेत कामगारांच्या आरोग्याचा विचार झालाच नव्हता, असे म्हणणे अन्यायाचे होईल. ॲलिस हॅमिल्टन या विदुषीने इलिनॉय राज्यासाठी शिसे व अन्य विषारी द्रव्ये हाताळणाऱ्या कारखान्यांची पाहणी १९१० पासून आरंभली होती, आणि अपघाताची नुकसानभरपाई देणारे कायदे एकामागून एक राज्ये करीत होती. तथापि केंद्र सरकारने सर्व देशासाठी, सर्व धंद्यांसाठी एक नियम करावा हा विचार अमेरिकन संघराज्याच्या प्रकृतीस मानवणारा नव्हता. तो विचार स्वीकारला जाण्यास १९६८ च्या नोव्हेंबरात वेस्ट व्हर्जिनियातीलच फार्मिंग्टन येथील कोळशाच्या खाणीत ७८ माणसे गाडली जावी लागली. त्यातून पुढच्या वर्षी खाणींचा कायदा झाला, आणि २९ डिसेंबर १९७० रोजी अध्यक्ष निक्सन यांनी व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य कायद्यावर स्वाक्षरी केली.

या कायद्याच्या रचनेत एक मजेदार बाब आहे. तिच्यामागे एखाद्या तत्त्वज्ञाने शांतपणे आखलेली योजना नाही. तो एक सौदा आहे. कामगार संघटनांना सर्व अधिकार कामगार खात्याकडे हवे होते, कारखानदारांना ते एखाद्या स्वतंत्र मंडळाकडे असावेत असे वाटे. तेव्हा सिनेटर विल्यम्स आणि प्रतिनिधी स्टायगर या दोन भिन्न पक्षांच्या गृहस्थांनी जी तडजोड घडवून आणली तीत कामाची तीन ठिकाणी वाटणी झाली. नियम करणे आणि तपासनीस पाठवणे हे कामगार खात्यातील ओशा या कचेरीकडे. कोणत्या द्रव्याने किती अपाय होतो याचे संशोधन आरोग्य खात्यातील नायॉश या संस्थेकडे. आणि दंडाविरुद्ध कोणी तक्रार केली तर निवाडा करणे हे त्रिसदस्य आयोगाकडे. जाणणारा एक, फर्मावणारा दुसरा, न्याय करणारा तिसरा. ही व्यवस्था सौद्यातून निघाली असली तरी तत्त्वतः तीत वावगे काही नाही. तिची खरी परीक्षा एवढ्याच प्रश्नावर होते, की पहिल्याने जे जाणले ते दुसऱ्याने फर्मावण्यास किती वर्षे लागतात.

कायद्याने मालकावर एक सर्वसाधारण कर्तव्य घातले : मृत्यू वा गंभीर इजा घडवू शकणाऱ्या ज्ञात धोक्यांपासून कामाची जागा मुक्त राखणे. परंतु ‘ज्ञात धोका’ म्हणजे काय याचा वाद कोर्टात अनंत काळ चालू शकतो, म्हणून खऱ्या अर्थाने तपासनिसाच्या हाती जे शस्त्र लागते ते म्हणजे आकडा. हवेच्या एका घनमीटरात अमुक इतकीच धूळ, तमुक इतकीच वाफ. आरंभीच्या दोन वर्षांत ओशाला उद्योगांच्या स्वयंसेवी मंडळांनी पूर्वीच ठरवून ठेवलेली प्रमाणे जशीच्या तशी उचलण्याची मुभा होती, आणि तिने ती इतक्या उत्साहाने उचलली की शौचकूपावरील बैठकीचा आकार पुढे उघडा असावा, अशा कलमांचाही कायद्यात समावेश झाला. वृत्तपत्रांना टिंगलीस याहून सोयीचा विषय कोणता मिळणार! १९७८ साली युला बिंगहॅम या ओशाच्या प्रमुख असताना अशी सुमारे नऊशे कलमे रद्द झाली. पण त्याच उसनवारीत सुमारे चारशे रासायनिक द्रव्यांच्या मर्यादाही आल्या, आणि १९६८ च्या यादीतून घेतलेल्या त्या मर्यादांपैकी बहुतेक आजही, अर्धशतक उलटून गेल्यावर, कायद्यात तशाच बसून आहेत.

आकडा योग्य वेळी आला तर काय घडते, हे कापसाच्या धुळीच्या इतिहासात जितके स्पष्ट दिसते तितके अन्यत्र क्वचितच दिसेल, आणि मुंबईच्या गिरणगावाची स्मृती बाळगणाऱ्या वाचकास तर तो इतिहास परका वाटण्याचे कारण नाही. कापूस पिंजण्याच्या व कार्डिंगच्या खात्यांत वर्षानुवर्षे काम करणाऱ्यास बिसिनोसिस नावाचा श्वसनविकार जडतो, आणि त्याचे पहिले लक्षण मोठे चमत्कारिक असते : छाती आवळते ती सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीने मुंबईच्या गिरणी कामगारास १८९० साली रविवारची सुट्टी मिळवून दिली. या विकाराने ग्रासलेल्या कामगाराच्या बाबतीत त्या रविवारची किंमत सोमवारी फुप्फुसे वसूल करीत. परळच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. एस. आर. कामत यांनी मुंबईच्या गिरण्यांतील या विकाराचा अभ्यास केला होता. इंग्लंडमध्ये त्यासाठी १९४० च्या दशकाच्या आरंभीच नुकसानभरपाई मिळू लागली होती. पण कॅरोलिना राज्यांतील गिरणीमालक मात्र आपल्या गिरण्यांत असा रोगच नाही, असे पुष्कळ काळ ठासून सांगत राहिले.

१९७४ साली नायॉशने शिफारस केली. १९७५ मध्ये दम लागलेल्या निवृत्त कामगारांनीच कॅरोलिनात आपली संघटना उभी केली, आणि १९७८ च्या जूनमध्ये नियम निघाला : सूत काढण्याच्या खात्यांत घनमीटरमागे दोनशे मायक्रोग्रॅम, म्हणजे ग्रॅमचा पाच हजारावा भाग, याहून अधिक श्वसनयोग्य धूळ असता कामा नये, आणि ती कामगाराच्या तोंडावर मुखवटा चढवून नव्हे, तर यंत्रांना झाकणे घालून व हवा शोषून घेऊन कमी केली पाहिजे. मालक सर्वोच्च न्यायालयात गेले. त्यांचे म्हणणे असे, की वाचणाऱ्या जिवांचे मूल्य आणि होणारा खर्च यांचा ताळा घातल्याखेरीज सरकारला नियम करता येणार नाही. दरम्यान सत्तांतर झाले होते. रेगन सरकारने प्रकरण परत मागितले, आणि ओशाच्या नव्या प्रमुखांनी या रोगाची माहिती देणाऱ्या पुस्तिकेच्या सुमारे एक लाख प्रती, मुखपृष्ठावर रोगाने मेलेल्या कामगाराचे छायाचित्र आहे आणि ते पक्षपाती आहे या कारणास्तव, नष्ट करण्याचा हुकूम सोडला. न्यायालय मात्र बधले नाही. १७ जून १९८१ रोजी न्यायमूर्ती ब्रेनन यांनी लिहिलेल्या निकालाने सांगितले, की लाभ आणि खर्च यांची तुलना काँग्रेसने कायदा करतानाच केली आहे आणि कामगाराचे आरोग्य तिने वरचढ ठरवले आहे; आता पाहावयाचे ते एवढेच, की नियम पाळणे शक्य आहे की नाही.

शक्य होते. इतकेच नव्हे, तर नियम पाळण्याच्या निमित्ताने गिरण्यांनी जी नवी यंत्रे बसवली त्यांनी उत्पादन वाढले, आणि प्रत्यक्ष खर्च पूर्वी वर्तवलेल्या रकमांच्या निम्म्याहूनही कमी भरला. त्या गिरण्यांपैकी पुष्कळशा पुढे स्वस्त मजुरीच्या शोधात देशाबाहेर गेल्या हेही खरे. पण त्याचे खापर धुळीच्या नियमावर फोडता येत नाही.

ज्या न्यायालयाने कापसाच्या बाबतीत असा उदार निर्णय दिला, त्यानेच एक वर्षापूर्वी बेंझीनच्या खटल्यात ओशाच्या पायांत बेडी अडकवली होती. कर्करोग घडवणाऱ्या या द्रव्याची मर्यादा हवेच्या दशलक्ष भागांमागे दहा भागांवरून एका भागावर आणण्याचा नियम, धोका ‘लक्षणीय’ असल्याचे सरकारने आधी सिद्ध केले नाही म्हणून, १९८० साली रद्द झाला. तोच आकडा पुन्हा कायद्यात येण्यास १९८७ साल उजाडले. १९८९ मध्ये ३७६ द्रव्यांच्या मर्यादा एकदमच सुधारण्याचा वा नव्याने घालण्याचा धाडसी प्रयत्न झाला, तर १९९२ मध्ये एका अपील न्यायालयाने तो समूळ उखडला : प्रत्येक द्रव्याचा धोका स्वतंत्रपणे सिद्ध करा, असे बजावले. काँग्रेसच्या लेखापरीक्षण कार्यालयाने २०१२ साली हिशेब केला तेव्हा एका नियमास सरासरी सात वर्षांहून अधिक अवधी लागतो असे आढळले. सिलिकाच्या बाबतीत तर गॉली ब्रिजच्या सुनावणीपासून मोजले असता पुरी ऐंशी वर्षे गेली : घनमीटरमागे ५० मायक्रोग्रॅम ही मर्यादा २०१६ च्या मार्चमध्ये आली, आणि तीबरोबर बांधकामाच्या धंद्यासाठी एक तक्ताही आला, ज्यात कोणत्या अवजारावर पाणी सोडावे आणि कोणत्यावर हवाशोषक जोडावा हे सांगितलेले आहे, जेणेकरून लहान ठेकेदाराने त्याप्रमाणे काम केले तर त्याला हवा मोजीत बसण्याची गरज पडत नाही. सरकारी नियमांत असा व्यवहारज्ञानाचा अंश क्वचित आढळतो, म्हणून त्याची मुद्दाम नोंद केली.

अपघातांच्या बाबतीत या कायद्याने निःसंशय यश मिळवले. १९७० च्या सुमारास वर्षाकाठी कामावर सुमारे चौदा हजार माणसे मरत. २०२३ साली, कामगारांची संख्या दुपटीच्या आसपास गेलेली असताना, ५,२८३ मेली. पण या गणतीत धूळ नाही. वीस वर्षांपूर्वी घेतलेल्या श्वासाने आज मेलेला मनुष्य कोणत्याही अपघाताच्या नोंदवहीत येत नाही. शिवाय अंमलबजावणीचे बळ पाहिले तर केंद्र व राज्ये मिळून तपासनीस दोन हजारांहून कमी, आणि ओशाच्या स्वतःच्याच हिशेबाने कामगार १३ कोटी. आपली स्वतंत्र योजना चालवण्याची मुभा राज्यांना आहे, पण ती कशी चालते हे नॉर्थ कॅरोलिनातील हॅम्लेट गावी ३ सप्टेंबर १९९१ रोजी दिसले : कोंबडीचे मांस तळण्याच्या कारखान्यास आग लागली, दारांना बाहेरून कुलपे होती, २५ माणसे मेली, आणि अकरा वर्षांत एकदाही तेथे सुरक्षेचा तपासनीस फिरकला नव्हता. जाणूनबुजून नियमभंग करून कामगाराच्या मृत्यूस कारण झालेल्या मालकास पहिल्या गुन्ह्यासाठी या कायद्याखाली अधिकाधिक सहा महिन्यांची कैद होते.

आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेचे १९८१ आणि २००६ चे दोन करार प्रत्येक राष्ट्राकडून सुरक्षेचे राष्ट्रीय धोरण मागतात. अमेरिकेने दोहोंपैकी एकावरही संमतीची मोहोर उठवलेली नाही. १९९६ साली नायॉशने संशोधनाची एक राष्ट्रीय विषयपत्रिका तयार केली, तीच काय ती धोरणाच्या जवळ जाणारी वस्तू. उलट आपल्याकडे २००९ साली केंद्र सरकारने कामाच्या जागेतील सुरक्षा, आरोग्य व पर्यावरण यांचे राष्ट्रीय धोरण रीतसर जाहीर केले. मला विचाराल तर दस्तऐवज असण्यापेक्षा कोर्टात टिकणारा एक आकडा असणे अधिक मोलाचे. मात्र आकडा ज्या संशोधनावर उभा राहतो ते संशोधनच डळमळले तर काय, हा प्रश्न आता तिकडे उभा राहिला आहे. १ एप्रिल २०२५ रोजी नायॉशच्या बहुसंख्य कर्मचाऱ्यांस सेवामुक्तीच्या नोटिसा गेल्या. कोळसा खाणीतील मजुरांच्या फुप्फुसांची तपासणी करणारा विभागही त्यात होता. वेस्ट व्हर्जिनियातील एका खाणकामगाराने दावा लावला, आणि मे महिन्यात तेथील केंद्रीय न्यायाधीशांनी तो विभाग पूर्ववत करण्याचा हुकूम दिला.

इतक्यात धूळ दुसऱ्याच वाटेने आली होती. गेल्या काही वर्षांत अमेरिकेतील स्वयंपाकघरांत, न्यू जर्सी व कॅलिफोर्नियातील आपल्या मराठी कुटुंबांच्या घरांतही, ओट्यासाठी कृत्रिम दगडाची फरशी लोकप्रिय झाली. तीत सिलिकाचे प्रमाण बहुधा नव्वद टक्क्यांहून अधिक असते. ती कापणारे कारागीर प्रामुख्याने लॅटिन अमेरिकेतून आलेले. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कॅलिफोर्नियातील अशा ५२ रुग्णांची नोंद आहे. त्यांचे मध्यक वय ४५, आणि त्यांतील दहा जण मेले होते. त्या राज्याने, स्वतंत्र योजना चालवण्याच्या आपल्या अधिकाराचा उपयोग करून, २९ डिसेंबर २०२३ पासून अशा दगडाचे कोरडे कापकाम तातडीच्या नियमाने बंद केले. ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून त्या दगडावरच बंदी घातली. केंद्रीय पातळीवर मात्र या कारागिरांसाठी निराळा नियम झालेला नाही; ५० मायक्रोग्रॅमचा २०१६ सालचा आकडाच त्यांनाही लागू आहे, आणि दोन-चार माणसांच्या गाळ्यांत चालणाऱ्या या धंद्यात तो मोजण्यास तपासनीस येईलच, याची शाश्वती नाही.