प्रतिजैविकाची निवड आणि दाह

पुण्याजवळ पिंपरी येथे ‘हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स’ या सरकारी कारखान्याची स्थापना १९५४ साली झाली आणि १९५५ साली तेथे पेनिसिलीन तयार होऊ लागले. अशा औषधांना मराठीत ‘प्रतिजैविक’ म्हणतात. या संज्ञेतील ‘प्रति’ हा उपसर्ग जंतूशी असलेला विरोध तेवढा दाखवितो. रुग्णाच्या शरीराचे पुढे काय होते, याविषयी ती मूक आहे. गंभीर संसर्गात मात्र नेमका तोच प्रश्न निकराचा ठरतो.

पेनिसिलीन व त्याच्या वर्गातील औषधे जंतूला पेशीभित्तिका बांधू देत नाहीत. भित्तिका दुबळी होऊन जंतू फुटतो, तिचे तुकडे व आतील विषे एकदम बाहेर पडतात आणि शरीरातील भक्षकपेशी त्यांना ओळखून दाहकारक द्रव्ये सोडतात. म्हणजे जंतू मेल्यावरही दाह वाढू शकतो. उपदंशाच्या रुग्णास पहिल्या मात्रेनंतर काही तासांतच थंडी वाजून ताप चढतो. ही प्रतिक्रिया यारिश व हेर्क्सहायमर यांनी पेनिसिलीनच्या पुष्कळ आधी, पाऱ्याच्या उपचारांत नोंदविली होती.

क्लिंडामायसिनचा मार्ग निराळा आहे. ते जंतूची प्रथिननिर्मिती रोखते. स्ट्रेप्टोकॉकसची घातक विषे ही प्रथिनेच असल्याने त्यांचीही निर्मिती खुंटते. १९५२ साली हॅरी ईगल यांनी उंदरांवर दाखविले की, स्नायूतील हा संसर्ग जुना झाल्यावर पेनिसिलीन निष्प्रभ ठरते. वाढ मंदावलेला जंतू नवी भित्तिका फारशी बांधतच नाही. म्हणून मांस कुजविणाऱ्या स्ट्रेप्टोकॉकसच्या संसर्गात, शस्त्रक्रियेबरोबरच, पेनिसिलीनच्या जोडीला क्लिंडामायसिन देतात. ते एकटे देत नाहीत, कारण काही जंतू त्याला दाद देत नाहीत.

मराठी वैद्यकीय लेखनात ‘दाह’ आणि ‘शोथ’ हे शब्द एकाच अर्थी येतात, यद्यपि एकात जळणे आहे व दुसऱ्यात सुजणे. मस्तिष्कावरणाच्या विकारात दुसरा शब्द अधिक समर्पक म्हणावा लागेल, कारण कवटीत सुजेला जागा नसते. तेथे डेक्सामेथासोन हे दाहशामक प्रतिजैविकाच्या पहिल्या मात्रेपूर्वी अथवा तिच्यासमवेत दिल्यास न्यूमोकॉकसच्या रुग्णांतील मृत्यू घटतात, असे २००२ साली प्रसिद्ध झालेल्या युरोपीय चाचणीत दिसले. मलावीतील चाचण्यांत तो लाभ आढळला नाही.

इमिपेनेमपेक्षा सेफ्टाझिडिममुळे अंतर्विष अधिक सुटते, हे प्रयोगनळीत दिसते. रुग्णाच्या जगण्यावाचण्यात तो फरक निर्विवादपणे सिद्ध झालेला नाही. तेवढ्यासाठी उपचार लांबविणे तर मुळीच समर्थनीय नव्हे: सेप्सिसमुळे रक्तदाब कोसळलेल्या रुग्णास पहिली मात्रा तासाभराच्या आत द्यावी, असा आज दंडक आहे.