पथ्य पाळूनहि वजन वाढतें तेव्हां

मधुमेहाच्या रोग्याला जें पथ्य सांगितलेलें असतें, त्याचें फळ तो पहिल्या प्रथम शोधतो तें वजनाच्या कांट्यावर. रक्तांतील साखर डोळ्यांना दिसत नाहीं, कांटा दिसतो. म्हणून मनापासून पथ्य पाळणाऱ्या माणसाचा कांटा खालीं येण्याऐवजीं वर चढूं लागला, म्हणजे त्याचा धीर खचतो. अशा वेळीं त्याचें समाधान करणें हें आमचें काम. परंतु पुष्कळदां आम्हीच त्याच्यावर संशय घेतों. हा दोष माझ्या हातून घडलेला आहे, म्हणूनच आज या विषयावर बोलावेंसें वाटलें.

माझ्याकडे एक सेवानिवृत्त शिक्षक येतात. वय साठीच्या पुढें, हातपाय किरकोळ, पोट मात्र थोडें सुटलेलें. त्यांचें नेहमींचें वजन ६४ किलो. मधुमेह असल्याचें कळलें त्या दिवशीं तें ५९ भरलें; जेवणानंतरची साखर ३०० च्या आसपास होती. औषध घेण्यापूर्वीं तीन महिने नुसत्या आहारानें आणि व्यायामानें प्रयत्न करून पाहूं द्या, अशी मुदत त्यांनीं मागून घेतली. चहांतील साखर सुटली, गोडधोड सुटलें, भात निम्म्यावर आला आणि रोज सकाळीं तासभर फिरणें सुरू झालें. तीन महिन्यांनीं तपासणी केली तों उपाशीपोटींची साखर ११८ वर आलेली, आणि वजन ६२ ! मीं सहज विचारलें, "गुरुजी, खरें सांगा, बाहेर कांहीं खाणें होतें कां ?" ते कांहीं बोलले नाहींत. घरीं जाऊन त्यांनीं रात्रीचें जेवण बंद केलें. पुढें महिन्याभरानें फिरावयास गेले असतां डोळ्यांपुढें अंधारी येऊन ते रस्त्याच्या कडेला बसले, तेव्हां त्यांची मुलगी त्यांना माझ्याकडे घेऊन आली.

वास्तविक ते तीन किलो त्यांच्या पथ्याचेंच फळ होतें. या रोगाच्या नांवांतच त्याचें कारण आहे. रक्तांतील साखर दर १०० मिलिलिटरला सुमारें १८० मिलिग्रॅमच्या वर गेली कीं मूत्रपिंडांना ती सगळी अडवून धरतां येत नाहीं आणि ती लघवीवाटें वाहूं लागते. बळावलेल्या मधुमेहांत अशी शंभर ग्रॅम साखर एका दिवसांत सहज जाऊं शकते. शंभर ग्रॅम साखर म्हणजे ४०० कॅलरी, अर्थात् चार पोळ्यांचें अन्न ! रोगी जेवतो, पण त्यांतल्या चार पोळ्या त्याच्या अंगीं लागत नाहींत. साखर आपल्याबरोबर पाणीहि ओढून नेते. म्हणून तहान लागते, आणि म्हणूनच माणूस खाऊनपिऊन वाळत जातो.

आतां पथ्यानें साखर खालीं आली, म्हणजे ही गळती थांबते. गुरुजींनीं आपल्या आहारांतून दोनशे कॅलरी कमी केल्या असें धरूं; त्याच वेळीं वाहून जाणाऱ्या चारशे कॅलरी शरीरांत राहूं लागल्या. फिरण्याचा खर्च वजा घातला तरी हिशेब जमेकडेच झुकतो. शिवाय यकृतांत आणि स्नायूंत साखरेचा जो राखीव सांठा असतो, तो पुन्हां भरूं लागतो, आणि त्या सांठ्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारें तीन ग्रॅम पाणी बांधलेलें असतें. रोगानें नेलेलें वजन अशा रीतीनें परत येतें. (हीच गळती मुद्दाम चालूं ठेवून साखर आणि वजन दोन्ही उतरविणारीं औषधें अलीकडे निघालीं आहेत, हा त्यांतला एक विनोदच म्हणावयाचा.) साखरेचे आंकडे सुधारत आहेत आणि वजन रोगापूर्वींच्या वजनाच्या अलीकडेच थांबत आहे, तोंवर त्या वाढीबद्दल कोणी कोणाला दोष देऊं नये. उपास तर मुळींच करूं नये; उतारवयांत उपासानें चरबीबरोबर स्नायूहि झिजतात, आणि रक्तांतील साखर वापरून टाकणारे मुख्य गिऱ्हाईक स्नायूच आहेत.

परंतु वाढलेला प्रत्येक किलो असा निरपराध नसतो. गुरुजींचें रात्रीचें जेवण पुन्हां सुरू झालें, आणि पुढच्या चार महिन्यांत कांटा ६५ वर गेला. साखर मात्र तशी ताब्यांतच होती. या वेळीं मीं संशय न घेतां नुसती चौकशी केली. फिरून आल्यावर ते मूठभर भाजलेले शेंगदाणे खात. कोशिंबिरींत दाण्याचें कूट, भाकरीवर तूप. "आपण साखर बंद केलीत, शेंगदाणे नव्हे," असें ते म्हणाले, आणि तें खरें होतें. चाळीस ग्रॅम शेंगदाण्यांत सुमारें २२५ कॅलरी असतात. त्यांच्या वजनाच्या माणसाला तासभर चालून जवळजवळ तेवढ्याच खर्चितां येतात. सकाळचें सारें फिरणें त्या एका मुठींत जमा होत होतें ! शेंगदाणे, काजू, तूप, खोबरें यांनीं साखर फारशी चढत नाहीं, आणि त्यामुळेंच रक्ताच्या तपासणींत त्यांची चोरी सांपडत नाहीं. मधुमेह्यांसाठीं म्हणून विकल्या जाणाऱ्या मिठाईचेंहि तसेंच; साखर काढलेली असते, पण खवा आणि तूप जागच्या जागीं असतात.

आलेलें वजन कशाचें, हें कांट्याला सांगतां येत नाहीं. तें कंबरेच्या फितीला विचारावें. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयांतील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडांतील डॉ. जॉन युडकिन यांनीं २००४ सालीं 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकांत आपलीं स्वतःचींच मापें प्रसिद्ध केलीं. उंचीच्या मानानें दोघांचें वजन अगदीं सारखें होतें. परंतु शरीरांतील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिकांची २१.२ टक्के. आपल्या लोकांची चरबी कशी लपून बसते, याचा याहून बोलका दाखला मला ठाऊक नाहीं. आपल्याकडे पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या व स्त्रीची ८० च्या आंत असावी असें मानतात. गुरुजींची ९३ भरली.

आणखी कांहीं कारणें थोडक्यांत सांगतों. इन्सुलिननें आणि साखर उतरविणाऱ्या कांहीं गोळ्यांनीं वजन वाढतें. १९९८ सालीं प्रसिद्ध झालेल्या इंग्लंडांतील मोठ्या पाहणींत दहा वर्षांच्या अवधींत इन्सुलिन घेणाऱ्यांचें वजन इतरांपेक्षां सुमारें चार किलोंनीं अधिक वाढलेलें आढळलें. वजनाबरोबर थंडी सोसेनाशी झाली, मलावरोध व सुस्ती आली, तर थायरॉईड ग्रंथीची तपासणी करून घ्यावी. सांधेदुखीवर कोणी दिलेल्या, आणि ज्यांत काय आहे हें देणाराहि सांगत नाहीं अशा पुड्या चालूं असतील, तर त्या डॉक्टरांना दाखवाव्या. त्यांत स्टेरॉईड असलें तर साखर आणि वजन दोन्ही चढतात.

एका बाबतींत मात्र वाट पाहूं नये. चार-आठ दिवसांत दोन-तीन किलो वजन वाढलें, तर ती चरबी नव्हे, पाणी होय. नडगीवर अंगठा दाबून धरावा. खळगा पडून तसाच राहिला, उताणें निजतां दम लागूं लागला, किंवा लघवीला फार फेंस येऊं लागला, तर मूत्रपिंड अथवा हृदय यांची तक्रार असण्याचा संभव असतो. त्याच दिवशीं डॉक्टरांकडे जावें.

गुरुजी आतां आठवड्यांतून एकदां, सकाळीं कांहीं खाण्यापूर्वीं, वजन करून वहींत टिपतात आणि महिन्यांतून एकदां कंबर मोजतात. रात्रीं भाकरी, भाजी, वरण असें रीतसर जेवतात. वजन ६२ वर स्थिर आहे, कंबर ८९. शेंगदाण्यांचा डबा त्यांच्या पत्नीनें फडताळाच्या अगदीं वरच्या फळीवर ठेवला आहे. तेथें हात पोंचावयास गुरुजींना स्टूल लागतें, आणि स्टूल ओढल्याचा आवाज स्वयंपाकघरांत ऐकूं येतो.