साग : लाकूड, त्याचे गुण आणि त्याचे माप

चंद्रपूर जिल्ह्यातील बल्लारपूरच्या आगारात सागाचे ओंडके प्रतवारीने रचून ठेवलेले असतात. अयोध्येतील श्रीराम मंदिरासाठी २०२३ च्या मार्च महिन्यात याच आगारातून साग रवाना झाला, तेव्हा चंद्रपूर-गडचिरोलीच्या सागाची ख्याती पुन्हा एकदा सर्वतोमुखी झाली. तथापि ज्या शेतकऱ्याच्या बांधावर सागाची दहा-बारा झाडे उभी आहेत किंवा ज्या ग्रामपंचायतीला शाळेची दारे-खिडक्या करावयाची आहेत, त्यांना सागाचे मोल नेमके कशामुळे ठरते याची माहिती क्वचितच असते. ती नसल्यामुळे विकणारा स्वस्तात विकतो आणि घेणारा पांढरे लाकूड महाग घेऊन बसतो.

साग हा मूळचा भारत, म्यानमार, थायलंड आणि लाओस या देशांचा वृक्ष. उन्हाळ्यात तो पर्णहीन होतो, वणव्याची झळ बऱ्यापैकी सोसतो आणि तोडलेल्या खोडाच्या बुंध्यातून पुन्हा जोमाने फुटतो. कोवळे पान हातावर चोळले असता तांबडा रंग उतरतो, ही त्याची ओळख खेड्यातील मुलांनाही असते.

सागाची टिकाऊपणाबद्दलची कीर्ती फार जुनी आहे. लोणावळ्याजवळील कार्ल्याच्या चैत्यगृहात दगडी कमानीखाली बसविलेल्या लाकडी फासळ्या सुमारे दोन हजार वर्षांनंतरही पाहावयास मिळतात. मराठेशाहीत आरमारासाठी सागाला विशेष महत्त्व होते. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात सागवानादी वृक्ष परवानगीनेच तोडावेत आणि रयतेच्या आंब्या-फणसाला तिच्या संमतीवाचून हात लावू नये, अशी स्पष्ट ताकीद आढळते. लाकूड ही राज्याची संपत्ती असली तरी रयतेचे झाड रयतेचेच, हा भेद त्या काळी इतक्या बारकाईने पाळण्याचा आग्रह होता, ही गोष्ट आजच्या कारभाऱ्यांनीही ध्यानात घेण्याजोगी आहे. पुढे १७३६ मध्ये लवजी नसरवानजी वाडिया सुरतेहून मुंबईस आले आणि वाडिया घराण्याच्या देखरेखीखाली मुंबईच्या गोदीत सागाची जहाजे बांधली जाऊ लागली. त्यांपैकी १८१७ मध्ये पाण्यात सोडलेले ‘ट्रिंकोमाली’ हे मलबारी सागाचे जहाज आजही इंग्लंडमधील हार्टलपूल येथे तरंगत्या स्थितीत जतन केलेले आहे.

जहाजबांधणीत साग ओकपेक्षा सरस ठरला, त्याचे कारण लाकडाच्या घडणीत आहे. ओकमधील टॅनिक आम्लामुळे लोखंडी खिळे गंजतात. सागात मात्र एक प्रकारचे तेल असते, ते लोखंडाला उलट संरक्षण देते. या तेलाबरोबर टेक्टोक्विनोनसारखी द्रव्येही गाभ्यात साठलेली असतात. वाळवी व बुरशी यांना ती मानवत नाहीत. दुसरा गुण आकार न बदलण्याचा. ओले लाकूड वाळताना आकसते हे सर्वांना ठाऊक आहे. पण त्याचे आकसणे दोन्ही दिशांनी सारखे नसते, म्हणून फळी वाकते, दार चौकटीत अडकते. सागाचे आकसणे मुळातच कमी असल्याने नीट मुरलेल्या सागाचे दार पावसाळ्यातही सहसा अडत नाही. वजनाच्या मानाने त्याची ताकदही चांगली आहे. वाळलेल्या सागाचे एक घनमीटर सुमारे ६५० किलो भरते, म्हणजे तो पाण्यावर तरंगतो. ओला साग मात्र तरंगत नाही. त्यामुळेच ब्रह्मदेशात झाडाची साल व बाहेरचे लाकूड वर्तुळाकार खाचून ते दोन-तीन वर्षे उभ्यानेच वाळू देत आणि मग तोडून नदीत सोडत.

दोषही सांगितले पाहिजेत. सागात वाळूच्या जातीचे सूक्ष्म कण असतात, त्यामुळे करवतीची व रंध्याची धार लवकर जाते. लाकूड तेलकट असल्याने सरस लावण्यापूर्वी पृष्ठभाग ताजा रंधलेला असावा लागतो. आणि साग जळतो. पुण्याच्या शनिवारवाड्याचे लाकडी मजले १८२८ च्या आगीत भस्मसात झाले, उरले ते दगडी जोते आणि तट.

वर सांगितलेले सर्व गुण गाभ्याचे, म्हणजे सोनेरी-तपकिरी मध्यकाष्ठाचे आहेत. सालीलगतचे फिकट पांढरे लाकूड, ज्याला शास्त्रात रसकाष्ठ म्हणतात, ते सागाचे असले तरी त्याला वाळवी लागते, भुंगाही पोखरतो. झाड कोवळे असेल तर त्यात पांढऱ्याचा वाटा मोठा असतो. जंगलातील साग साठ-ऐंशी वर्षांनी तोडला जाई, त्यात गाभा भरपूर असे. शेतातील वीस वर्षांच्या सागाची फळी त्या मोलाची कशी असेल? एकोणीसशे नव्वदच्या दशकात साग लागवडीच्या नावाखाली काही कंपन्यांनी थोड्या वर्षांत कैकपटींनी पैसा देण्याची आश्वासने दिली व अनेक नोकरदारांची, शिक्षकांचीही, बचत गोळा केली. झाडाच्या वयाचा आणि गाभ्याचा हा साधा संबंध त्या जाहिरातींत कोठेच नव्हता. अशा सामूहिक गुंतवणुकींसाठी सेबीने १९९९ मध्ये नियम लागू केले. पण तोपर्यंत पुष्कळांचे नुकसान होऊन गेले होते.

मापाचे गणित

शेतकऱ्याचे नुकसान जेथे निमूटपणे होते ती जागा म्हणजे माप. गोल लाकूड मोजण्याची व्यापारात रूढ असलेली रीत अशी : ओंडक्याच्या मध्याचा घेर घ्यावयाचा, त्याचा चौथा हिस्सा काढून वर्ग करावयाचा आणि त्यास लांबीने गुणावयाचे. समजा, घेर १२० सेंटिमीटर व लांबी ५ मीटर आहे. घेराचा चौथा हिस्सा ३० सेंटिमीटर, म्हणजे ०.३० मीटर. त्याचा वर्ग ०.०९, गुणिले ५, म्हणजे ०.४५ घनमीटर. परंतु वर्तुळाच्या खऱ्या सूत्राने हाच ओंडका सुमारे ०.५७ घनमीटर भरतो. म्हणजे या रीतीत शंभरातील साडेएकवीस भाग मुळातच गळतात. चिरकामात वाया जाणाऱ्या लाकडाची ही सूट आहे, असे तिचे समर्थन केले जाते, आणि दर त्याच मापाला ठरलेला असेल तर त्यात फसवणूक नाही. फसवणूक होते ती दर एका रीतीचा आणि माप दुसऱ्या रीतीचे असते तेव्हा, किंवा घेर मध्यावर न घेता निमुळत्या टोकाशी घेतला जातो तेव्हा. सातवी-आठवीच्या शिक्षकांनी घनफळाचा पाठ शिकविताना फळ्यावर हे उदाहरण जरूर घ्यावे. वर्गातील एखाद्या मुलाच्या घरी झाडे विकण्याची बोलणी चालूही असतील.

झाड स्वतःच्या जमिनीतील असले तरी साग तोडण्यास परवानगी लागते. महाराष्ट्र झाडे तोडणे (विनियमन) अधिनियम, १९६४ च्या अनुसूचीत सागाचा समावेश आहे आणि लाकूड वाहून नेण्यास वेगळा परवाना घ्यावा लागतो. अनुसूचित जमातींच्या खातेदारांच्या झाडांच्या विक्रीसाठी १९६९ चा स्वतंत्र कायदा आहे. ठेकेदाराने अडलेल्या आदिवासी खातेदाराकडून झाडे कवडीमोलाने घेऊ नयेत, यासाठी ही विक्री जिल्हाधिकाऱ्यांच्या नियंत्रणाखाली आणण्यात आली. ग्रामसभांना २००६ च्या वन हक्क कायद्याने बांबूसह गौण वनोपजावर मालकी मिळाली. साग हे इमारती लाकूड असल्याने त्यात येत नाही. या दोन गोष्टींची गल्लत पंचायतीच्या सभांतून होऊ नये.

नवी लागवड करावयाची असल्यास जमिनीची निवड प्रथम. पाणी साचणाऱ्या चिकण काळ्या जमिनीत साग खुरटतो; निचऱ्याची खोल जमीन त्याला मानवते. बीचे कवच टणक असल्याने ते आलटून-पालटून भिजवून व उन्हात वाळवून पेरावे लागते. त्यापेक्षा वर्षभराच्या रोपाचे खोड व मूळ छाटून तयार केलेली सागजडी पहिल्या चांगल्या पावसानंतर पहारीच्या छिद्रात घट्ट दाबून लावणे सोपे व स्वस्त पडते. उताराच्या जमिनीवर मात्र निव्वळ सागाची दाट लागवड टाळावी. त्याच्या रुंद पानांवरून ओघळणारे थेंब मोठे असतात, खाली गवत-झुडूप नसेल तर ते माती उकरून नेतात. अशा ठिकाणी सागासोबत बांबू व इतर झाडे मिसळून लावावीत आणि खालचे गवत राखावे.