डोळ्यातले जिवाणू आणि काउंटरवरचे थेंब

डोळा लाल झाला, सकाळी पापण्या चिकटल्या, की आपल्याकडे पावलं डॉक्टरकडे नव्हे, मेडिकलकडे वळतात. ‘डोळ्यात टाकायला काहीतरी द्या हो’ म्हटलं की काउंटरवरून पाच मिलीची बाटली पुढे येते. यामागचं शास्त्र मला आजवर असंख्य वेळा ऐकवण्यात आलं आहे: चांगल्या डोळ्यात जंतू नसतात, लाल झाला म्हणजे ते शिरले, अँटिबायोटिक टाकलं की मेले. काही जण तर त्रास नसतानाही ‘डोळा स्वच्छ राहावा’ म्हणून अधूनमधून दोन थेंब टाकतात. चांगली शिकलीसवरलेली माणसं!

मुळात निरोगी डोळा निर्जंतुक नसतो. बुबुळाभोवतीच्या पांढऱ्या भागावर आणि पापणीच्या आत जो पातळ पारदर्शक पडदा असतो, त्यावरून कापसाचा बोळा फिरवला तर बऱ्याचदा स्टॅफिलोकोकस एपिडर्मिडिस, कोरिनेबॅक्टेरियम, क्युटिबॅक्टेरियम अशी मंडळी सापडतात. संख्येने मात्र फारच थोडी. 2016 साली अमेरिकेतल्या संशोधकांनी जनुकांच्या आधारे मोजदाद केली. गालाच्या आतल्या बाजूला एका मानवी पेशीमागे सुमारे बारा जिवाणू भरले, डोळ्यावर शंभर पेशींमागे जेमतेम पाच. तोंड ही जत्रा असेल तर डोळा म्हणजे चार घरांची वाडी.

वस्ती इतकी विरळ राहते ती अश्रू आणि उघडझाप यांमुळे. अश्रूंत लायसोझाइम नावाचं जिवाणूंच्या भिंती फोडणारं विकर असतं. पेनिसिलिनवाल्या अलेक्झांडर फ्लेमिंगनं त्याच्या कितीतरी आधी, 1922 मध्ये, त्यावर निबंध प्रसिद्ध केला होता. म्हणजे डोळ्याला स्वतःचं जंतुनाशक आहेच, आणि तेही चोवीस तास.

ही थोडी वस्ती नुसती बसून खाते असंही नाही. अमेरिकेच्या नॅशनल आय इन्स्टिट्यूटमध्ये रेचल कॅस्पी आणि सहकाऱ्यांनी 2017 मध्ये दाखवलं की उंदरांच्या डोळ्यावर राहणारा एक कोरिनेबॅक्टेरियम तिथल्या प्रतिकारपेशींना सतत जागं ठेवतो, आणि त्यामुळे कँडिडा बुरशी व स्युडोमोनस यांना पाय रोवणं अवघड जातं. प्रयोग उंदरांवरचा आहे, हे विसरू नये. पण ‘जिवाणू दिसला की मारा’ या हट्टाला त्यानं चांगलाच धक्का दिला.

यावर हमखास प्रश्न येतो: मग मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी डोळ्यात पोव्हिडोन आयोडीन का घालतात? कारण तेव्हा डोळा उघडायचा असतो. बाहेर निरुपद्रवी असलेले हेच जिवाणू आत गेले की अनर्थ करतात. 1991 च्या एका अभ्यासात ऑपरेशननंतर डोळ्याच्या आत संसर्ग झालेल्या 17 पैकी 14 रुग्णांत आतला जिवाणू त्यांच्याच पापणीवरचा किंवा डोळ्याच्या पृष्ठभागावरचा निघाला. ती खबरदारी त्या काही मिनिटांसाठी असते. वारंवार अँटिबायोटिक टाकण्याचं फळ वेगळं असतं. डोळ्याच्या आतल्या पडद्याच्या (रेटिनाच्या) आजारासाठी डोळ्यात पुन्हा पुन्हा इंजेक्शनं घेणाऱ्यांना प्रत्येक वेळी वरून अँटिबायोटिक थेंब दिले, तेव्हा डोळ्यावर औषधाला दाद न देणारे जिवाणू वाढले. म्हणून या इंजेक्शनांसोबत आता बहुतेक ठिकाणी आयोडीनवर भर असतो, थेंबांवर नाही.

शिवाय साथीत डोळे येतात ते बहुधा विषाणूंमुळे. विषाणूवर अँटिबायोटिक चालत नाही, हे आता सांगावं लागू नये. थेंब टाकून ‘गुण आला’ म्हणतात, तो डोळा एरवीही आठवडा-दोन आठवड्यांत बरा होणारच होता.

खरा संताप येतो तो बाटलीवरचा दुसरा शब्द वाचून. बारीक अक्षरात ‘मॉक्सिफ्लॉक्सासिन आणि डेक्सामेथासोन’ असं लिहिलेलं असतं. डेक्सामेथासोन म्हणजे स्टेरॉइड. लाली झटकन उतरते, माणूस खूश. पण ऊस तोडताना पात डोळ्याला लागलेल्या माणसाच्या बुबुळात बुरशी असेल, तर हीच बाटली तिला मोकळं रान देते. ही शक्यता किरकोळ नाही. मदुराईच्या अरविंद रुग्णालयातल्या 434 रुग्णांच्या अभ्यासात, बुबुळावरच्या ज्या जखमांमधून जंतू हाती लागले, त्यांतल्या जवळपास निम्म्या बुरशीच्या होत्या. बुरशी नसली तरी स्टेरॉइड लांबलं की डोळ्याचा दाब वाढू शकतो, मोतीबिंदूही होऊ शकतो.

बाकीचे समज किरकोळ. डोळे आलेल्याकडे नुसतं पाहून डोळे येत नाहीत. येतात ते हात, टॉवेल आणि उशीच्या अभ्र्यातून. काळा चष्मा उजेडाचा त्रास कमी करतो, साथ अडवत नाही. मध, गुलाबपाणी, आईचं दूध यांपैकी काहीही निर्जंतुक नसतं. कॉन्टॅक्ट लेन्स नळाच्या पाण्यानं धुऊ नये, त्यात अकँथअमीबा हा डोळ्याला घातक सूक्ष्मजीव असू शकतो. आणि डोळ्यासाठी ‘चांगल्या जिवाणूंचे’ थेंब कोणी विकू लागलं, तर पैसे खिशातच राहू द्या. तसं सिद्ध झालेलं औषध आज नाही.

लाल डोळा दुखत असेल, अंधूक दिसत असेल, उजेड सहन होत नसेल, लेन्स वापरत असाल किंवा पात-काडी लागली असेल, तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा. आणि मेडिकलमधून घेतलेली बाटली टाकत असाल, तर तीही सोबत न्या; आत काय होतं हे त्यांना कळायला हवं.