वाहनांचे जादा दिवे : सोय आणि सुरक्षितता

रात्रीच्या प्रवासात वाहनास दिवा जितका आवश्यक, तितकेच त्या दिव्याला बंधन असणेही आवश्यक असते. समोरून येणाऱ्या प्रखर झोताने चालकाचे डोळे दिपतात आणि काही क्षण रस्त्यावरील पादचारी, सायकलस्वार वा बैलगाडी त्यास दिसेनाशी होते. एकाची सोय अशी दुसऱ्याच्या जिवावर बेतू शकते.

म्हणूनच केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १११ अन्वये वाहनाच्या पुढील बाजूस स्पॉटलाइट किंवा सर्चलाइट लावण्यास मनाई आहे. केवळ अपवादात्मक परिस्थितीत, नोंदणी प्राधिकाऱ्याच्या पूर्वमंजुरीनेच तो लावता येतो. नियम १०६ नुसार पुढील दिव्याचा झोत खाली झुकलेला असला पाहिजे. दिव्यासमोर ८ मीटरवर, त्याच्या उजवीकडे ०.५ मीटरवर आणि जमिनीपासून १.५ मीटर उंचीवर ज्याचे डोळे असतील, त्याचे डोळे दिपू नयेत, ही त्याची कसोटी होय.

बाजारात दिवा मिळतो, म्हणून तो वाहनावर लावण्याची मुभा मिळत नाही. ही गोष्ट पंचायत सदस्यांनी ग्रामसभेत व शिक्षकांनी शाळेत समजावून दिल्यास रात्रीचा रस्ता सर्वांनाच अधिक निर्धोक होईल.