भिंतीवरचं स्वप्न आणि अर्धा नवस

हल्ली एक नवा शब्द कानावर येतो, 'व्हिजन बोर्ड'. आधी तो मोठ्या शहरांतल्या कॉलेजांत होता, आता तालुक्याच्या शिकवणी वर्गांतही पोचला आहे. प्रकार सोपा आहे. एक पुठ्ठा घ्यायचा. आपल्याला आयुष्यात जे हवं आहे त्याची चित्रं मासिकांतून, वर्तमानपत्रांतून कापायची आणि त्यावर चिकटवायची. कुणी घर लावतं, कुणी गाडी, कुणी पदवीचा काळा झगा, कुणी खाकी वर्दी. मग तो पुठ्ठा डोळ्यांसमोर टांगायचा आणि रोज सकाळी उठल्याबरोबर त्याच्याकडे पाहायचं. पाहता पाहता चित्रातली गोष्ट आयुष्यात उतरते, असं सांगतात.

ही कल्पना जगभर पसरली ती विशेषतः २००६ सालापासून. त्या वर्षी 'द सीक्रेट' नावाचा चित्रपट आला आणि पाठोपाठ त्याच नावाचं र्‍होंडा बर्न यांचं पुस्तक. मनात जे धराल ते तुमच्याकडे ओढलं जाईल, असा त्यातला 'आकर्षणाचा नियम'. पुस्तकाच्या अमाप प्रती खपल्या आणि भिंतींवर पुठ्ठे चढले.

मी कवी माणूस. प्रतिमांवर माझाच विश्वास नसेल तर कुणाचा असणार? तेव्हा या पुठ्ठ्याची मी टिंगल करणार नाही. डोळ्यांसमोर असलेली गोष्ट मनात राहते, हे खरंच आहे. प्रश्न इतकाच, की चित्र पाहून माणूस चालायला लागतो, की पोचल्याच्या आनंदात बसून राहतो?

मी प्रतापगडचा. हे नाव काढलं की लोकांना साताऱ्याकडचा किल्ला आठवतो. आमचा प्रतापगड गोंदिया जिल्ह्यात, अर्जुनी मोरगाव तालुक्यात. इथल्या डोंगरावर महादेवाचं स्थान आहे आणि ख्वाजा उस्मान गनी हारुनी यांच्या नावाचा दर्गाही आहे. महाशिवरात्रीला इथे मोठी यात्रा भरते. हिंदू दर्ग्यावर जातो, मुसलमान यात्रेत हिंडतो, त्यात कुणाला नवल वाटत नाही. जवळच गोठणगावच्या बाजूला १९७२ साली वसलेली तिबेटी निर्वासितांची नॉर्गेलिंग वसाहत आहे. निळ्या, पांढऱ्या, लाल, हिरव्या, पिवळ्या रंगांच्या प्रार्थनेच्या पताका हे तिबेटी माणसाचं मागणं. आमच्या या कोपऱ्यात माणसं तीन-तीन तऱ्हांनी मागतात. इच्छा डोळ्यांना दिसेल अशी टांगून ठेवायची रीत आम्हाला पुस्तकातून शिकावी लागली नाही.

पण आपल्या नवसाकडे जरा नीट पाहा. नवसाला दोन टोकं असतात. "पोरगी पास होऊ दे," हे एक टोक. "मी पायी चालत दर्शनाला येईन," हे दुसरं. नुसतं मागणं म्हणजे नवस नव्हे. त्यात माझा वाटा काय, हे त्याच दमात बोलावं लागतं. भिंतीवरच्या पुठ्ठ्यावर बहुतेक वेळा पहिलंच टोक असतं. तो अर्धा नवस झाला.

शिवाय नवसातला आपला वाटा काम झाल्यानंतरचा. काम होण्याआधीचा वाटा कुठे असतो? आमच्याकडे त्याला नियत म्हणतात. नमाजाआधी नियत करायची, रोजाआधी नियत करायची. म्हणजे मी आता अमुक करतो आहे, हे मनाशी पक्कं करायचं आणि लगेच ते करायला लागायचं. हिंदू पूजेतल्या संकल्पाचंही असंच. पूजेला बसलेला यजमान देश-काल उच्चारतो, तिथी-वार सांगतो, आपलं नाव-गोत्र सांगतो आणि शेवटी म्हणतो 'करिष्ये', म्हणजे 'मी करीन'. कोण करणार, कुठे करणार, कधी करणार, काय करणार, सगळं एका वाक्यात. 'मला मिळो' एवढ्यावर संकल्प पुरा होत नाही. नियत आणि नियती यांत एका वेलांटीचा फरक आहे, पण नियत आपल्या हातातली आणि नियती नाही.

गंमत अशी, की मानसशास्त्राचे अभ्यासक प्रयोग करून याच जागी येऊन पोचले. लिएन फाम आणि शेली टेलर या दोघींनी १९९९ साली कॅलिफोर्नियातल्या विद्यार्थ्यांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. परीक्षेच्या आधीचे काही दिवस एका गटानं रोज थोडा वेळ डोळ्यांसमोर आणायचं, की आपल्याला उत्तम गुण मिळाले आहेत, आपण खूश आहोत. दुसऱ्या गटानं आणायचं, की आपण टेबलाशी बसलो आहोत, पुस्तक उघडलं आहे, टिपणं वाचतो आहोत. गुण जास्त मिळाले ते दुसऱ्या गटाला. त्यांनी अभ्यासाची आखणी केली आणि त्यांची धास्तीही कमी झाली.

गाब्रिएले ओटिंगेन या जर्मन संशोधिकेनं पदवीधरांचा अभ्यास केला, तो २००२ साली प्रसिद्ध झाला. नोकरीची गोड स्वप्नं जे फार रंगवत होते, त्यांनी दोन वर्षांत अर्ज कमी केले, त्यांना नोकऱ्याही कमी आल्या आणि पगारही कमी मिळाला. मात्र 'आपल्याला जमेल' असा ज्यांना भरवसा होता, त्यांचं बरं चाललं. म्हणजे आशा वेगळी आणि स्वप्नरंजन वेगळं. स्वप्नरंजनात मन आधीच जेवून उठतं, मग चूल कोण पेटवणार?

पीटर गोलवित्झर यांचं संशोधन तर संकल्पाच्या फार जवळचं आहे. 'मी हे करीन' एवढंच ठरवणाऱ्यांपेक्षा 'अमुक वेळी, अमुक ठिकाणी हे करीन' असं ठरवणाऱ्यांच्या हातून काम तडीस जाण्याचं प्रमाण बरंच जास्त असतं, असं त्यांना दिसलं. आमचे भटजीबुवा हे कधीपासून म्हणवून घेत आले आहेत.

मग पुठ्ठा करायचा तरी कसा? मी सांगतो ती रीत साधी आहे. जुन्या खोक्याचा पुठ्ठा, कणकेची खळ, कात्री आणि एक पेन. पुठ्ठ्याचे उभे तीन भाग करा. उजवीकडे हवी असलेली गोष्ट लावा, पण एकच, फार तर दोन. दहा चित्रं लावली की तो बोर्ड राहत नाही, दुकान होतं. डावीकडे आपण आज कुठे आहोत ते लिहा, अगदी खरंखरं. मधला भाग सगळ्यांत मोठा ठेवा. तिथे रस्ता काढायचा आणि रस्त्यावरचे अडथळेही.

पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या एखाद्या खेड्यातल्या मुलीचं उदाहरण घेऊ. आमच्या भागात अशा मुली घरोघरी आहेत. उजवीकडे वर्दीचं चित्र. डावीकडे तिची आजची वेळ, म्हणजे आठशे मीटर धावायला किती मिनिटं लागतात ते. भरतीत मुलींना आठशे मीटर, शंभर मीटर आणि गोळाफेक मिळून पन्नास गुणांची शारीरिक चाचणी असते आणि शंभर गुणांची लेखी परीक्षा. तेव्हा मधल्या भागात लिहायचं, 'पहाटे पाच वाजता तलावाच्या पाळीवर धावणे. रात्री आठ ते दहा गणित आणि व्याकरण.' आता अडथळा. धानाची रोवणी सुरू झाली की घरातला प्रत्येक हात बांधीत लागतो. मग पहाट कुठली? म्हणून त्याखाली लिहायचं, 'रोवणीच्या दिवसांत सकाळी जमलं नाही, तर संध्याकाळी धावेन.' हे वाक्य वर्दीच्या चित्रापेक्षा मोलाचं आहे. दर रविवारी धावण्याची नवी वेळ पुठ्ठ्यावर टिपायची. चित्र तेच राहतं, आकडा हलतो. उमेद त्या आकड्यातून येते.

आमच्याजवळच नवेगावबांधचा तलाव आहे. अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी यांनी तो बांधला, असं सांगतात. कोहळी समाज तलाव बांधण्यात वाकबगार. त्यांच्या मनातही भरलेल्या तलावाचं चित्र असणारच. पण त्यांची नजर पाण्याआधी उतारावर गेली असेल. डोंगरातून पाणी कुठून येतं, पाळ कुठे घालायची, माती कुठली आणायची. आज आपण पाणी बघतो. त्यांनी आयुष्यभर बघितली ती पाळ.

आता एक गोष्ट, जिच्यासाठी खरं म्हणजे मी हा विषय घेतला. 'मनात धरलं की मिळतं' या म्हणण्याची एक उलटी बाजू आहे. मिळालं नाही, तर तुम्ही मनापासून धरलंच नव्हतं. हे म्हणणं फार निर्दय आहे. भरतीच्या मोजक्या जागांसाठी हजारो पोरं धावतात, त्यातली बहुतेक मागे राहणार, हा हिशेब आहे. तो त्यांच्या मनाचा दोष नव्हे. धान कापून बांधीत पडलेलं असताना अवकाळी पाऊस येतो, तेव्हा शेतकऱ्याच्या स्वप्नात काय कमी होतं? निवडीच्या यादीत नाव नाही म्हणून कोपऱ्यात तोंड लपवून बसलेली मुलं मी पाहिली आहेत. गुण कमी पडल्याचं दुःख पेलता येतं. 'माझी इच्छाच खोटी होती' हे दुःख माणसाला आतून पोखरतं. म्हणून पुठ्ठ्यावर आपल्या हातातल्या गोष्टी जास्त असाव्यात आणि नशिबाच्या कमी. निकाल कसाही लागो, पहाटे पाचला उठल्याचे दिवस खोटे ठरत नाहीत. धावून कमावलेला दम दुसऱ्या कामालाही येतो.

आणि पुठ्ठा जन्मभराचा नसतो. तिबेटी पताका उन्हा-वाऱ्यात विटतात, फाटतात. त्यात कुणाला अपशकुन वाटत नाही. वाऱ्यानं प्रार्थना नेली, असं ते मानतात आणि नवी पताका बांधतात. आपणही वर्षातून एकदा पुठ्ठा खाली उतरवावा. जी इच्छा आपली नव्हतीच, शेजाऱ्याची पाहून लावली होती, ती काढावी. जी पुरी झाली तिचे आभार मानावेत. जी अजून हवीच आहे, तिच्यासाठी नवी तारीख आणि नवी वाट लिहावी.

घरात मुलं असतील तर त्यांच्यासोबत बसून हा पुठ्ठा करा. "तुला काय व्हायचंय?" हे आपण त्यांना नेहमीच विचारतो. या वेळी आणखी एक विचारा, "बेटा, उद्या सकाळी काय करशील?" त्याचं जे उत्तर येईल, ते मधोमध, ठळक अक्षरात लिहा.