जुना पिकअप ट्रक ठेंगणा करतांना

अमेरिकेंत जुना पिकअप ट्रक जमिनीलगत आणण्याची हौस पुष्कळांस असते. असा ट्रक डौलदार दिसतो, आणि गुरुत्वमध्य खालीं आल्यानें वळणावर कमी कलतो. परंतु स्प्रिंग केवळ ओझें पेलीत नाहीं. उंचवटा लागला असतां चाकास वर सरकण्यापुरती जागाहि ती राखते. स्प्रिंगचे वेढे कापल्यास हीच जागा घटते व हादरा थेट चासीस बसतो.

म्हणून जाणता कारागीर स्प्रिंग न कापतां चाकाची जागा बदलतो. १९७३ सालच्या शेव्हरोले सी-१० चें उदाहरण घ्यावें. पुढें, चाकाचा दांडा मुळापेक्षां उंचावर असलेलें स्पिंडल बसवितात. चाक वर गेलें कीं ट्रक तेवढाच खालीं येतो, आणि स्प्रिंगची हालचाल अबाधित राहते. मागें पाट्यांची स्प्रिंग आंसाच्या वर असते. ती आंसाखालीं घेतात. मात्र त्यामुळें आंस चासीच्या फार जवळ येतो. यास्तव चासीच्या पट्टीस तेथें खांच पाडून पोलादी जोड देणें अवश्य ठरतें. एवढें करूनहि अशा ट्रकावर पूर्वीइतकें ओझें लादूं नये.

कॅलिफोर्नियांत १९५८ पासून, चाकाच्या रिमच्या तळापेक्षां गाडीचा कोणताहि भाग खालीं आणण्यास कायद्यानें मनाई होती. ती १ जानेवारी २०२४ रोजीं उठली. तरी तें माप ध्यानांत ठेवण्याजोगें आहे. टायर फुटल्यास गाडी रिमवर टेकते. त्याखालीं लोंबणारा भाग रस्त्यावर घासून चालकाचा ताबा सुटण्याचें भय असतें.